मॅडिसनचे सातशे पानी चरित्र: परीक्षण लिहिण्याआधी काय काय तपासावे?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडवरच्या आमच्या वाचनकट्ट्यात पुढच्या महिन्यात अमेरिकेचा चौथा अध्यक्ष जेम्स मॅडिसन याच्या एका इंग्रजी चरित्रावर चर्चा आहे. त्याचे दीड हजार शब्दांचे परीक्षण माझ्याकडे आले आहे. पुस्तक विद्यापीठ प्रकाशनाचे, पाने सातशेच्या वर, त्यातली एकशे वीस नुसत्या टिपांची. भाषा चांगली आहे, वाचताना कुठे ठेच लागत नाही. पण अभ्यास म्हणून ते किती भरवशाचे, हे अमेरिकी इतिहासाचा विद्यार्थी नसलेल्या वाचकाने ठरवायचे कसे?

मराठेशाहीवरचे चरित्र असते तर सुरुवात कुठून करायची ते माहीत आहे. लेखक बखरीवर विसंबलाय की अस्सल पत्रांवर, पत्रातला मागचापुढचा मजकूर गाळलाय का, शक आणि इसवी सनाचा मेळ बसतो का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. मॅडिसनच्या बाबतीत बखर कुठली आणि अस्सल कागद कुठला, इथपासूनच तयारी करायची आहे.

नेमके तीन प्रश्न. टिपांची पडताळणी नाशिकमध्ये बसून होऊ शकते का? ‘राज्यघटनेचा जनक’ हे बिरुद चरित्रकाराने कसे हाताळलेले असावे? आणि गुलामगिरी व ब्रिटनशी झालेले १८१२ चे युद्ध ही प्रकरणे वाचताना नजर कशावर ठेवावी? ‘सावाना’त (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) जाऊन पाहण्यासारखे काही असेल तर तेही सांगा.

दप्तरदार

पडताळणी घरी बसून होते आणि एक पैसा लागत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हे संकेतस्थळ २०१३ पासून खुले आहे. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफरसन, फ्रँकलिन, हॅमिल्टन आणि मॅडिसन यांची संपादित पत्रे तिथे आहेत, पुढे जॉन जे याचीही आली. मॅडिसनच्या कागदांचा पहिला खंड १९६२ मध्ये निघाला. आता चार मालिका आहेत: १८०१ पर्यंतची सतरा खंडांची, मग परराष्ट्रमंत्री असतानाची, अध्यक्षपदाची आणि निवृत्तीची. जे खंड अजून छापून झालेले नाहीत त्यांतली काही पत्रे कच्च्या वाचनाच्या रूपात आधीच टाकलेली असतात. पानावर तशी सूचना असते, ती पाहिल्याशिवाय चरित्रकाराची चूक काढू नका.

पुस्तकाच्या वीस टिपा निवडा. सरसकट कुठल्याही घेऊ नका. पाच अशा प्रकरणांतून घ्या जिथे लेखक नवीन काही सांगतोय. पाच बालपण-तारुण्यातल्या, कारण तिथे कागद कमी असतात आणि कल्पना ती जागा भरून काढते. पाच १७८७ च्या घटनापरिषदेच्या आणि पाच शेवटच्या वीस वर्षांतल्या. प्रत्येक टिपेत पाच गोष्टी पाहा: तारीख, कुणी कुणाला लिहिले, अवतरण अक्षरशः जुळते का, तीन टिंबे देऊन काय गाळले, आणि ज्या विधानाला आधार म्हणून पत्र दिले ते विधान त्या पत्रातून खरोखर निघते का. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सर्वांत कमी लोक पाहतात. एका टिपेला दहा-पंधरा मिनिटे धरा, म्हणजे वीस टिपा चार-पाच तासांत होतात.

शोधताना एक अडचण येईल. चरित्रात अवतरण आजच्या शुद्धलेखनाने छापलेले असते, मुळात मात्र त्या काळची स्पेलिंग आणि शब्दांची जोडाक्षरी लघुरूपे असतात. वाक्य टाकून काही सापडले नाही तर पत्र नाहीच, असे समजू नका. लिहिणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख टाका, लगेच सापडेल.

पत्राच्या खाली स्रोताची एक बारीक ओळ असते. तिथे ‘आरसी’ म्हणजे प्रत्यक्ष पोचलेली प्रत, ‘एफसी’ म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःजवळ ठेवलेली प्रत, ‘टीआर’ म्हणजे नंतर कुणीतरी केलेली नक्कल. आपल्याकडे अस्सल, मसुदा, नक्कल म्हणतात तेच. या ओळीकडे चरित्रकाराने लक्ष दिले आहे की नाही, ते टिपांच्या भाषेवरून कळते.

अजून एक सापळा. मॅडिसन आणि जेफरसन नाजूक मजकूर आकड्यांच्या सांकेतिक लिपीत लिहीत. संपादकांनी ते शब्द उलगडून तिरप्या ठशात छापले आहेत. घाईत लिहिणारा लेखक तो तिरपा ठसा म्हणजे मॅडिसनने त्या शब्दावर दिलेला जोर समजतो आणि त्यावर परिच्छेद रचतो. वास्तविक तो शब्द त्याने लपवलेला असतो. पुस्तकात कुठे ‘मॅडिसनने हा शब्द ठळक केला’ अशा अर्थाचे काही दिसले तर ती टीप वीसमध्ये घ्याच.

आता बखर आणि अस्सल कागदाबद्दल. मॅडिसनच्या बाबतीत दोन्ही एकाच हाताची आहेत, आणि माझ्या मते या माणसाच्या कुठल्याही चरित्राची खरी कसोटी इथेच लागते. तो १८३६ पर्यंत जगला, घटनेवर सही करणाऱ्यांत शेवटचा उरला, आणि म्हातारपणी जुनी पत्रे परत मागवून, चाळून, खाडाखोड करत बसला. ऑक्टोबर १७८४ मध्ये त्याने अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या लाफाएत या फ्रेंच सरदाराबद्दल जेफरसनला एक पत्र लिहिले होते. त्यात लाफाएतच्या अहंकाराला टोचणारा एक शब्दप्रयोग होता. मॅडिसनने पुढे तो बदलून ते वाक्य निखळ स्तुतीचे केले. चरित्रकार सौम्य वाक्य १७८४ चे म्हणून देत असेल तर त्याने खंडातली संपादकीय टीप वाचलेली नाही, असे खुशाल समजा.

याहून मोठी गोष्ट परिषदेच्या टिपणांची. २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फियात परिषद बंद दाराआड चालली. आत काय बोलणे झाले यासाठी सगळे जग मॅडिसनच्या टिपणांवर अवलंबून आहे. ती छापली गेली १८४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्याच्या पत्नीने, डॉली मॅडिसनने, ती १८३७ मध्ये अमेरिकी काँग्रेसला तीस हजार डॉलरना विकली होती. मधल्या पन्नास वर्षांत त्याने परिषदेच्या अधिकृत कामकाजवहीशी ताडून मतदानाचे तपशील बदलले, इतरांची भाषणे सुधारली आणि आपल्या स्वतःच्या काही भाषणांची पानेच बदलली. मॅक्स फॅरंड यांनी १९११ च्या तीन खंडांत या दुरुस्त्या खुणा करून दाखवल्या. ते खंड स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत आणि स्कॅन करून महाजालावर आहेत. २०१५ मध्ये इतिहासकार मेरी सारा बिल्डर यांनी कागदाची जलचिन्हे, घड्या आणि हस्ताक्षर तपासून आणखी पुढचे मांडले: साधारण २१ ऑगस्टनंतरचा भाग त्या दिवसांत लिहून पुरा झालेला नाही, तो मॅडिसनने दोनेक वर्षांनी पूर्ण केला. नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या पाहिलेल्यांना ही रीत लगेच कळेल. नोंद कुठल्या सालाची म्हणून लिहिली आहे ते एक, आणि शाई, अक्षर, कागद काय सांगतो ते दुसरे.

म्हणून २५ ऑगस्टची नोंद काढा. माणसे ही मालमत्ता असू शकतात ही कल्पना घटनेत येऊ देणे चूक आहे, असे मॅडिसन म्हणाला, अशी ती नोंद. मॅडिसनच्या बाजूने लिहिणारा जवळपास प्रत्येक जण ती देतो. चरित्रकाराने ती दिली असेल तर तिची तारीख आणि ती कागदावर उतरल्याची वेळ यांतले अंतर वाचकाला सांगितले आहे का? सांगितले नसेल, आणि पुस्तक २०१५ नंतरचे असेल, तर ही उणीव परीक्षणात ठळकपणे नोंदवण्याजोगी आहे. बिल्डर यांचे सगळे पटलेच पाहिजे असे नाही, पण त्यांना उत्तर द्यायला हवे.

‘सावाना’त गेलात तर या पुस्तकासाठी न जाता एक-दोन चांगली संपादित मराठी पत्रसाधने पुन्हा चाळायला जा. संपादक कसा विचार करतो याची सवय झाली की अमेरिकी खंडही परके वाटत नाहीत.

तिथीवार

दप्तरदारांनी मोठे काम केले आहे, मी फक्त तारखा आणि पैसे यांबद्दल लिहितो.

मॅडिसनचा जन्म आजच्या पंचांगाने १६ मार्च १७५१. त्या वेळच्या ज्युलियन गणनेत तो ५ मार्च १७५० होता, कारण इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला लागत असे. १७५२ मध्ये अकरा दिवस वगळले गेले आणि वर्षारंभ १ जानेवारीवर आला. शिवजयंतीच्या तारखेचा वाद ज्यांनी वाचला आहे त्यांना हे नवे नाही. चरित्रात वडिलांच्या, आजोबांच्या कागदांमधल्या जानेवारी ते मार्च या तारखा पाहा. तिथे वर्ष एकाने चुकलेले असते आणि त्यातून मृत्युपत्र माणूस मरण्याआधीच न्यायालयात सिद्ध झाले, असले घोळ होतात.

पैशांचे असे: मॅडिसनच्या व्हर्जिनिया राज्याचा पौंड आणि इंग्लंडचा स्टर्लिंग पौंड एक नव्हते. व्हर्जिनियात सहा शिलिंगांचा एक डॉलर, स्टर्लिंगमध्ये साडेचार शिलिंगांचा. म्हणजे एक व्हर्जिनिया पौंड सुमारे ३.३३ डॉलर, स्टर्लिंग सुमारे ४.४४. शेतीच्या, कर्जाच्या, गुलामांच्या किमतीच्या आकड्यांत लेखकाने कुठला पौंड हे सांगितले नसेल तर त्या आकड्यांवरचे निष्कर्ष तीस टक्क्यांनी इकडेतिकडे होतात. आणि ‘आजच्या हिशेबाने इतके लाख’ असले रूपांतर परीक्षणात उतरवू नका. त्यापेक्षा तेवढ्या पैशांत तेव्हा किती एकर जमीन येत होती, हे पुस्तकात आहे का ते बघा.

कलमवाचक

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

‘घटनेचा जनक’ हे बिरुद स्वतः मॅडिसनने नाकारले होते. १० मार्च १८३४ ला विल्यम कॉग्सवेल याला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की तुम्ही मला घटनेचा लेखक म्हणता, पण ते श्रेय माझे नव्हे, ते अनेक डोक्यांचे आणि अनेक हातांचे काम आहे. हे पत्र चरित्रात आहे का, आणि असेल तर नुसता विनय म्हणून सोडून दिले आहे का, हे पाहा. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचा अर्थ पटकन लागेल. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना नाव घेऊन श्रेय दिले. म्हणून त्यांचे शिल्पकारपण कमी होत नाही. पण चरित्रकाराला नेमके कोणते काम कुणाचे, हे उलगडून सांगावे लागते.

मॅडिसनचे परिषदेतले काम उलगडायचे तर त्याचे पराभव मोजावे लागतात. ‘व्हर्जिनिया प्लॅन’ म्हणजे परिषदेपुढे आलेला नव्या घटनेचा आराखडा, त्यामागची मांडणी मुख्यतः त्याची. तो २९ मे रोजी व्हर्जिनियाचा गव्हर्नर रँडॉल्फ याने मांडला. मॅडिसनला दोन्ही सभागृहांत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हव्या होत्या. १६ जुलैच्या तडजोडीत सिनेटमध्ये सर्व राज्यांना समान मते मिळाली आणि तो हरला. राज्यांचे कायदे रद्द करण्याचा केंद्राला नकाराधिकार हवा, यावर त्याचा सर्वाधिक भर होता. तोही फेटाळला गेला. इतिहासकार फॉरेस्ट मॅकडोनाल्ड यांनी मोजले आहे की त्याने मांडलेल्या किंवा ठामपणे पाठिंबा दिलेल्या ७१ प्रस्तावांपैकी ४० मध्ये तो पडत्या बाजूला होता. परिषद संपली तेव्हा तो निकालावर नाराज होता. मग महिन्या-दोन महिन्यांत त्याच घटनेचा सर्वांत समर्थ वकील कसा झाला? या वळणावर चरित्रात किती पाने आहेत ते मोजा. एखाद्या परिच्छेदात आटोपले असेल तर लेखकाने अवघड जागा टाळली आहे.

पुढे घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेली ‘फेडरलिस्ट’ लेखमाला. एकूण ८५ लेख, ऑक्टोबर १७८७ पासून पुढच्या मेपर्यंत. हॅमिल्टन ५१, मॅडिसन २९, जे ५, ही वाटणी आज बहुतेक मान्य आहे. पण बारा लेखांवर, म्हणजे ४९ ते ५८ आणि ६२, ६३, दोघांचाही दावा होता. हॅमिल्टनची यादी १८०४ ची, मॅडिसनची १८१८ ची. १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी किरकोळ शब्दांची वारंवारता मोजून हे लेख मॅडिसनच्या पदरात टाकले. हॅमिल्टन ‘अपॉन’ सढळपणे वापरतो, मॅडिसन क्वचित. हॅमिल्टन ‘व्हाइल’ लिहितो तिथे मॅडिसन ‘व्हाइल्स्ट’. चरित्रकार या बारांतल्या एखाद्या लेखावर मॅडिसनचे मन वाचत असेल तर निदान एका टिपेत हा वाद यायला हवा.

दहाव्या लेखाबद्दल विशेष सावध. २२ नोव्हेंबर १७८७ चा हा लेख आज प्रत्येक अभ्यासक्रमात आहे, त्यामुळे तो तेव्हाही गाजला असेल, असे वाटते. तसे नव्हते. त्याला आजचे स्थान आले ते १९१३ मध्ये इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी त्यावर आपला आर्थिक अन्वयार्थ उभा केल्यानंतर. ‘या लेखाने न्यूयॉर्कचे मत फिरवले’ असे वाक्य दिसले तर पुरावा मागा.

भाषणांच्या अवतरणांबाबतही एक. जून १७८८ च्या व्हर्जिनियाच्या परिषदेत घटनेला ८९ विरुद्ध ७९ मतांनी मंजुरी मिळाली. तिथली मॅडिसनची भाषणे डेव्हिड रॉबर्टसनच्या लघुलेखनातून आली आहेत, आणि त्यात ठिकठिकाणी शेरा आहे की मॅडिसन इतक्या हळू बोलला की ऐकू आले नाही. त्यातून निवडून काढलेले ओघवते वाक्य मॅडिसनच्या तोंडचे जसेच्या तसे म्हणून देणे धाडसाचे आहे. प्रतिनिधिगृहातल्या १७८९ च्या भाषणांचीही तीच गत, कारण अहवाल देणारे वृत्तपत्रांसाठी लिहीत होते.

आणि सुसंगतीचा प्रश्न. १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक घटनाबाह्य म्हणून विरोध. जानेवारी १८१५ मध्ये बँकेच्या विधेयकाला नकाराधिकार वापरला, पण घटनेचा मुद्दा इतक्या वेळच्या मान्यतेमुळे निकालात निघाला आहे असे सांगून. एप्रिल १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेवर सही. ३ मार्च १८१७, कार्यकाळाच्या अगदी शेवटी, रस्ते-कालव्यांच्या विधेयकाला मात्र घटनेच्याच आधारे नकार. चांगला चरित्रकार या चारही कागदांना एकत्र ठेवतो आणि मग सांगतो की मॅडिसन बदलला की परंपरेने अर्थ ठरतो असे मानत होता. वाईट चरित्रकार त्यांतले सोयीचे दोन निवडतो.

रामकुंडाजवळ

गुलामगिरीच्या प्रकरणासाठी चार कागद सांगते. हे चारही पुस्तकात आहेत का, आणि पूर्ण आहेत का, एवढे पाहिले तरी लेखकाची नियत कळेल.

पहिला, ८ सप्टेंबर १७८३ चे वडिलांना पत्र. बिली नावाचा गुलाम फिलाडेल्फियात मॅडिसनबरोबर होता. मॅडिसन लिहितो की ज्या स्वातंत्र्यासाठी आपण इतके रक्त सांडले त्याची त्याने इच्छा धरली, एवढ्यासाठी त्याला दूर विकून शिक्षा देणे मनाला येत नाही. हे वाक्य सगळे देतात. त्याच पत्रात आधी असेही आहे की बिलीचे मन आता इतके ‘बिघडले’ आहे की तो घरच्या गुलामांत ठेवण्याजोगा राहिला नाही, आणि पेनसिल्व्हेनियाचा कायदा त्याला सात वर्षांहून अधिक काळासाठी विकू देत नाही. हे दोन्ही भाग एकत्र वाचल्याशिवाय पत्राचा अर्थ लागत नाही. तीन टिंबे कुठे पडली आहेत ते बघा.

दुसरा, १८३४ मध्ये सोळा माणसे लुईझियानाच्या नातलगाला विकल्याचा व्यवहार. तिसरा, १८३५ चे मृत्युपत्र. त्याने कुणालाही मुक्त केले नाही. संमतीशिवाय विकू नये, अशी इच्छा मात्र लिहिली, आणि डॉलीकडून ती पाळली गेली नाही. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राशी तुलना अपरिहार्य आहे, त्याने आपल्या मालकीच्या १२३ जणांच्या मुक्ततेची तरतूद केली होती. त्याहून जवळची तुलना एडवर्ड कोल्सची. तो मॅडिसनचा खासगी चिटणीस होता, १८१९ मध्ये इलिनॉयला जाताना त्याने आपले गुलाम मुक्त केले आणि मॅडिसनलाही तसेच करण्याचा आग्रह धरला. ‘त्या काळात दुसरे काही शक्य नव्हते’ असे चरित्रकार म्हणत असेल तर कोल्सचे काय, हा प्रश्न परीक्षणात विचारा.

चौथा कागद पॉल जेनिंग्जच्या आठवणी, १८६५. जन्म १७९९, मॅडिसनच्या घरातला गुलाम, त्याच्या मृत्यूच्या वेळी शेजारी होता. पुढे डॅनियल वेबस्टरने १२० डॉलर भरून त्याला सोडवले, आणि ती रक्कम त्याने वेबस्टरकडे काम करून फेडली. चरित्रकार जेनिंग्जचा वापर कशासाठी करतो ते बघा. मॅडिसन दयाळू होता हे वाक्य घेण्यापुरता तो आला असेल तर ते अर्धेच वाचन झाले.

जेनिंग्जवरून एक सोपी चाचणी निघते. २४ ऑगस्ट १८१४ ला ब्रिटिशांनी वॉशिंग्टन शहर जाळले तेव्हा डॉलीने जॉर्ज वॉशिंग्टनचे मोठे चित्र वाचवले, ही गोष्ट. तिचा आधार म्हणजे डॉलीने बहिणीला लिहिलेले पत्र. मूळ पत्र उपलब्ध नाही. आहे ती नंतरची नक्कल, आणि ती छापली गेली १८३० च्या दशकात. जेनिंग्ज तेव्हा पंधरा वर्षांचा, तिथे हजर. तो सांगतो की डॉलीने चित्र नेले हे साफ खोटे, ते द्वारपाल आणि माळ्याने उतरवले. पण त्याच्याही आठवणी पन्नास वर्षांनंतरच्या, आणि दुसऱ्याने शब्दांकित केलेल्या. चित्र वाचवायला डॉलीने सांगितले आणि उतरवले नोकरांनी, इतपत दोन्ही कागद जुळतात. आनंदवल्लीच्या वाटेने जाताना आनंदीबाईंच्या ‘ध चा मा’ची आठवण निघतेच. तिथेही गोष्ट इतकी नेटकी की कागद कुणी मागत नाही. चरित्रकाराने चित्राच्या प्रसंगात दोन्ही साक्षी समोर ठेवल्या असतील तर इतर ठिकाणीही तो काळजी घेत असेल, असे मानायला जागा आहे.

मखमलाबादकर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवार-रविवारी अकरा टिपा तपासून झाल्या. आठ तंतोतंत जुळल्या. एकीत पत्राची तारीख एका दिवसाने चुकली आहे. एका ठिकाणी दप्तरदार म्हणाले तसेच झाले: सांकेतिक लिपीतला शब्द ‘जोर देऊन लिहिलेला’ म्हणून आला आहे. अकरावी २५ ऑगस्टची. तिथे कुठलीही सावधगिरी नाही, आणि पुस्तक २०१५ नंतरचे आहे. बिलीचे पत्र मात्र पूर्ण दिले आहे, ‘बिघडलेले मन’ यासकट. कोल्सला पाच पाने आहेत.

आता या चुकांचे वजन किती धरायचे? आणि १८१२ च्या युद्धाबद्दल कुणी लिहिले नाही. पुस्तकात मॅडिसन खूपच उजळ दिसतो.

दप्तरदार

तारखेची चूक सोडून द्या, सातशे पानांत त्या असतात. तिरप्या ठशाची चूक लहान, पण तिच्यावर लेखकाने काही उभारले असेल तर मोठी. उभारले नसेल तर एका ओळीत सांगा. २५ ऑगस्टचे मात्र परिच्छेदभर लिहा, कारण मॅडिसनचे गुलामगिरीविषयीचे १७८७ मधले मत हा लेखकाच्या मांडणीचा खांब असणार, आणि खांबाखालची जमीन त्याने तपासलेली नाही. कोल्सला पाच पाने दिल्याबद्दल त्याच परिच्छेदात श्रेय द्या, म्हणजे वाचकाला कळेल की हा लेखक सत्य लपवणारा नाही, एका साधनावर जास्त विसंबला आहे.

युद्धाचे म्हणाल तर मॅडिसनच्या चरित्रांत एक जुना झोका आहे. हेन्री अ‍ॅडम्स यांच्या १८८९ ते १८९१ च्या नऊ खंडांत मॅडिसन दुबळा, दुसऱ्यांच्या तालावर चालणारा अध्यक्ष आहे. अ‍ॅडम्स हे जॉन अ‍ॅडम्सचे पणतू, हे विसरू नये. उलट आयर्व्हिंग ब्रँट यांनी १९४१ ते १९६१ मध्ये सहा खंड लिहून त्याचा पदोपदी बचाव केला. तुमचे पुस्तक या झोक्याच्या कुठल्या टोकाशी आहे आणि लेखकाला त्याची जाणीव आहे का, ते प्रस्तावनेत आणि युद्धाच्या पहिल्या दहा-बारा टिपांत दिसेल.

मग एक गोष्ट तपासा: कोणत्या दिवशी मॅडिसनला काय ठाऊक होते. युद्धघोषणा १८ जून १८१२ ची. प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९, सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३. ज्या ब्रिटिश व्यापारी हुकुमांमुळे भांडण पेटले ते मागे घेण्याची घोषणा लंडनमध्ये १६ जूनलाच झाली होती. पण बातमीला अटलांटिक ओलांडायला कित्येक आठवडे लागत. नंतरचे ज्ञान आधीच्या निर्णयावर लादून मॅडिसनला दोषी किंवा निर्दोष ठरवलेले असेल तर ते सांगा. शेवटाचेही तसेच. न्यू ऑर्लिन्सची लढाई ८ जानेवारी १८१५ ची आणि तह २४ डिसेंबर १८१४ चा, म्हणून लढाई युद्ध संपल्यावर झाली असे बहुतेक लिहितात. तहातच लिहिले होते की लढाई थांबेल ती दोन्ही बाजूंच्या मंजुरीनंतर. सिनेटची मंजुरी १६ फेब्रुवारीला आली.

कलमवाचक

दप्तरदारांशी एका बाबतीत मतभेद. युद्धाचे प्रकरण फक्त लंडन आणि वॉशिंग्टन यांच्यातले म्हणून तपासले तर परीक्षणही अपुरे राहील. हे युद्ध सर्वांत जास्त कोण हरले? शॉनी जमातीचा नेता टेकम्सेह ५ ऑक्टोबर १८१३ ला लढाईत पडला आणि वायव्येकडच्या जमातींची एकजूट त्याच्याबरोबर मोडली. २७ मार्च १८१४ च्या हॉर्सशू बेंडच्या लढाईनंतर, ऑगस्टच्या तहात क्रीक लोकांना सुमारे दोन कोटी तीस लाख एकर जमीन सोडावी लागली, त्यात अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या क्रीकांचीही जमीन गेली. पुस्तकाच्या सूचीत टेकम्सेह आणि क्रीक या नोंदींपुढे किती पानांचे आकडे आहेत आणि डॉलीच्या मेजवान्यांपुढे किती, ते शेजारी ठेवून पाहा. ‘उजळ’ चित्र कशामुळे आले ते बरेचसे तिथे कळेल.

लिहिताना शब्दांचे भान ठेवा. ‘काँग्रेस’ लिहाल तिथे पहिल्यांदा तरी ‘अमेरिकी संसद’ असे सांगा, नाहीतर कट्ट्यावर गोंधळ होईल. मॅडिसनचा ‘रिपब्लिकन’ पक्ष आजचा नव्हे. दहाव्या लेखातल्या ‘फॅक्शन’ला ‘पक्ष’ म्हणू नका, ‘तट’ किंवा ‘गट’ जास्त जवळचा. आणि क्रीक, शॉनी यांना सरसकट ‘रेड इंडियन’ न म्हणता जमातीच्या नावाने लिहा.

मखमलाबादकर

सूची आत्ताच उघडली. टेकम्सेहपुढे तीन पाने आहेत, क्रीकपुढे दोन, मेजवान्यांपुढे एकोणीस. उरलेल्या नऊ टिपा आता युद्धाच्या प्रकरणातूनच घेतो.